वाचकांचे प्रश्न : पॅरिशची प्रश्नावली आणि गावाची गरज

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात, इंग्लंडमधील खेड्यांत पॅरिश कौन्सिल गावकऱ्यांकडून जी प्रश्नावली भरून घेते तिचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. त्यांतील तीन इंग्लंडमधून आली आहेत, चौथे बीड जिल्ह्यातून.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधील डेव्हन कौंटीतल्या एका खेड्यात राहायला आलो. गेल्या आठवड्यात पॅरिश कौन्सिलची सोळा पानांची प्रश्नावली दारात येऊन पडली. गावाला कशाची गरज आहे, असे तीत विचारले आहे. पॅरिश म्हणजे चर्चचाच कारभार ना? आम्ही हिंदू, शिवाय व्हिसावर राहणारे. आम्ही ती भरावी का, आणि भरून काही होते का?

उत्तर : पॅरिश म्हटले की मराठी वाचकाला चर्चच आठवते, आणि त्यात चूक काही नाही. वसईकडील ख्रिस्ती समाज ज्याला ‘धर्मग्राम’ म्हणतो तोच या शब्दाचा मूळ अर्थ आहे. इंग्लंडमध्ये मात्र या एका शब्दाखाली आज दोन निराळ्या व्यवस्था नांदतात. १६०१ च्या गरीब कायद्याने निराधारांच्या पोटापाण्याची जबाबदारी, आणि त्यासाठी कर गोळा करण्याचे कामही, पॅरिशवर टाकले. त्यामुळे चर्चच्या ज्या खोलीत धर्मगुरूंची वस्त्रे ठेवली जात, त्या ‘वेस्ट्री’चे नाव मिळालेल्या सभेतच गावाचा लौकिक कारभारही होऊ लागला. हा कारभार १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने चर्चकडून काढून लोकनियुक्त पॅरिश कौन्सिलकडे दिला. (त्याच कायद्याने विवाहित स्त्रियांनाही या कौन्सिलांसाठी मत देण्याची व उभे राहण्याची वाट मोकळी केली; संसदेसाठी मत मिळायला त्यांना १९१८ साल उजाडावे लागले.) तेव्हा आपल्या दारात आलेली प्रश्नावली ही ग्रामपंचायतीची प्रश्नावली समजावी. दफनभूमी भरल्यामुळे बंद झालेल्या चर्चच्या आवाराची निगा राखण्याचे काम कधीकधी कौन्सिलकडे येते, आणि नवागताचा गोंधळ वाढवायला तेवढे पुरते.

व्हिसाविषयीची आपली शंका तर पुरतीच दूर करता येईल. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेला प्रौढ भारतीय नागरिक मतदारयादीत नाव नोंदवून तेथे मत देऊ शकतो, आणि त्यात पॅरिश कौन्सिलची निवडणूकही आली. स्वतः उभे राहायचे असेल तर सामान्यतः कायम वास्तव्याची परवानगी लागते. प्रश्नावलीला मात्र मतदारयादीचीही अट नसते. ती गावात राहणाऱ्या माणसांसाठी असते आणि आपण तेथे राहता. दोन वर्षे तेथे राहूनही आपण स्वतःला पाहुणे समजत आहात, असे आपल्या पत्रावरून वाटले, म्हणून हे जरा ठासून लिहिले.

भरून काय होते, हे मात्र प्रश्नावली कशासाठी काढली आहे यावर अवलंबून आहे, आणि ते बहुधा पहिल्याच पानावर लिहिलेले असते. २००० साली ब्रिटिश सरकारने ग्रामीण धोरणाची श्वेतपत्रिका काढली. तिच्यानंतर शेकडो गावांनी ‘पॅरिश प्लॅन’ तयार केले. त्यांत पदपथापासून पोस्टापर्यंत सारे काही असे, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने ‘नेबरहुड प्लॅन’ आणला. गावाने आराखडा करावा, स्वतंत्र परीक्षकाने तो तपासावा, मग गावात सार्वमत घ्यावे, आणि मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार दिला तर बांधकामाच्या परवानग्या देताना तो आराखडा विचारात घेणे वरच्या कौन्सिलला भाग पडावे, अशी ही रचना आहे. कंब्रियामधील अप्पर ईडन खोऱ्याचा आराखडा २०१३ मध्ये असे सार्वमत जिंकणारा पहिला ठरला.

यात एक मेख आहे, आणि ती प्रश्नावलीवर क्वचितच छापलेली असते. नेबरहुड प्लॅनची धोरणे केवळ जमिनीच्या वापराविषयी व बांधकामाविषयी असू शकतात. आपण खड्डे, भरधाव मोटारी, दुर्मीळ झालेली बस किंवा दवाखान्यातील वेळ न मिळणे याविषयी पानभर लिहिले, तर ते ‘गावाच्या आकांक्षा’ अशा शीर्षकाखाली परिशिष्टात जाते. रस्ते कौंटीकडे किंवा तिची जागा घेतलेल्या एकसंध कौन्सिलकडे आणि दवाखाना राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे असतो. पॅरिशच्या हाती उरते ते खेळाचे मैदान, सभागृह, बसथांब्याची शेड, बाके, स्मशानभूमी आणि भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे वाफे. या वाफ्यांविषयीचा १९०८ चा कायदा गमतीचा आहे : गावातील सहा मतदारांनी किंवा सहा करदात्यांनी लेखी मागणी केली, की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. आपणास मेथी-कोथिंबीर लावायची असेल तर सोळा पानांपेक्षा सहा सह्यांचे हे एक पान जास्त उपयोगी पडेल. प्रश्नावली तरीही भरावी. फक्त कोणती तक्रार कोणाच्या दारी न्यायची हे ओळखून भरावी.

प्रश्न : मी श्रॉपशरमधील एका खेड्यात राहते. मी संख्याशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे असे कळल्यावर गावाच्या प्रश्नावलीसाठी नेमलेल्या गटात मला ओढून घेण्यात आले. जो तो आपापला प्रश्न सुचवतो आहे आणि यादी साठीच्या पुढे गेली आहे. ‘दुकान हवे का?’, ‘बस हवी का?’, ‘तरुणांसाठी काही हवे का?’ असे त्यांचे स्वरूप आहे. प्रश्न कसे विचारावेत?

उत्तर : ‘हवे का?’ हे दोन शब्द यादीतून काढून टाकलेत, तर निम्मे काम झाले असे समजावे.

अनेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राहत असताना मी अशाच एका गावाचे भरून आलेले अर्ज संगणकात नोंदवायला बसत असे. बससेवा वाढवावी का, या प्रश्नापुढे जवळजवळ प्रत्येकाने ‘होय’वर खूण केली होती. दोन पाने उलटल्यावर, आपण स्वतः महिन्यातून किती वेळा बसने जाल, असा प्रश्न होता आणि तेथे बहुतेकांनी शून्य लिहिले होते. ही माणसे खोटे बोलत नव्हती. बस असावी असे त्यांना मनापासून वाटत होते, पण ती दुसऱ्या कोणासाठी तरी, आणि तो दुसरा कोण हे अर्जांच्या त्या गठ्ठ्यातून कळायला मार्ग नव्हता. कारण अर्ज घरटी एकच वाटला होता आणि तो ज्याने भरला त्याच्या खिशात मोटारीची किल्ली होती. त्याच घरातील पंधरा वर्षांची मुलगी किंवा मोटार चालवणे सोडून दिलेली आजी हिला कोणी पेन दिलेच नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्या दोघींकडे होते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की अर्ज घरटी न वाटता माणशी वाटावा. छपाईचा खर्च वाढेल आणि गटातील कोणीतरी त्यावर कुरकुर करील. ती सहन करावी. शाळकरी मुलांसाठी एक पानी निराळा अर्ज करून तो शाळेच्या बसथांब्यावर द्यावा, घरी पाठवू नये. दुसरी सूचना अशी, की प्रत्येक मागणीच्या जोडीला तिची किंमत विचारावी. पॅरिश कौन्सिलचे उत्पन्न मुख्यतः ‘प्रिसेप्ट’मधून, म्हणजे घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्ससोबत वसूल होणाऱ्या तिच्या हिश्श्यातून येते. तेव्हा ‘मैदानाची दुरुस्ती हवी का?’ असे न विचारता, ‘त्यासाठी आपल्या घराचा वार्षिक कर अमुक पौंडांनी वाढलेला चालेल का?’ असे विचारावे आणि त्या ‘अमुक’च्या जागी कौन्सिलच्या कारकुनाकडून घेतलेला खरा आकडा घालावा. उत्तरे कमी उत्साही येतील, पण ती घेऊन कौन्सिलपुढे जाता येईल.

दुकानाचेही तेच. इंग्लंडमध्ये गावकऱ्यांनी भागभांडवल उभारून चालवलेली दुकाने बरीच आहेत, आणि १९१९ साली स्थापन झालेली प्लंकेट ही संस्था अशा गावांना मार्गदर्शन करते. परंतु अशी दुकाने चालतात ती गल्ल्यावर फुकट बसणाऱ्यांच्या जोरावर. म्हणून आपण आठवड्यातून दोन तास द्याल का, किती पौंडांचे भाग घ्याल, आणि आज आठवड्याचा किराणा कोठून आणता, हे तीन प्रश्न पुरेत. गावातला पब विकायला निघण्याची चिन्हे असतील तर प्रश्नावलीची वाटही पाहू नये. पॅरिश कौन्सिल, किंवा किमान एकवीस स्थानिक मतदारांचा गट, त्या वास्तूचे नाव ‘समाजोपयोगी मालमत्तां’च्या यादीत घालण्याची मागणी करू शकतो. २०११ च्या कायद्यानुसार ती नोंद पाच वर्षे टिकते आणि त्या काळात मालकाने विक्री काढली तर पैसे उभारण्यासाठी गावाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मागता येते.

तरुणांविषयीचा प्रश्न जसा आहे तसा मुळीच ठेवू नये. ‘तरुणांसाठी काही हवे का?’ या प्रश्नाला साठीच्या पुढच्या माणसाचे उत्तर ठरलेले असते : स्केटबोर्डसाठी चौथरा, आणि तो शक्यतो आपल्या घरापासून लांब.

साठ प्रश्नांचे वीस कसे करावेत, हे आपल्यासारख्या शिक्षिकेला मी सांगायला नको. माझी एक साधी कसोटी मात्र लिहितो. प्रत्येक प्रश्नापुढे, उत्तर ‘होय’ आले तर पुढील सहा महिन्यांत कोण काय करील, हे गटातील सुचवणाऱ्यालाच लिहायला लावावे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न वगळावा. आणि उत्तरे मिळाल्यावर निकाल गावापुढे ठेवण्यासाठी वार्षिक पॅरिश सभा वापरावी. ती दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात घ्यावीच लागते, आणि ती कौन्सिलची नसून मतदारांची सभा असल्यामुळे तेथे प्रत्येक मतदाराला बोलता येते. अहवाल केवळ कौन्सिलच्या मासिक बैठकीत मांडला तर प्रेक्षकांत दोनच माणसे असतील आणि त्यांतील एक आपले यजमान.

प्रश्न : नॉरफोकमधील आमच्या खेड्यात घरांच्या गरजेचे सर्वेक्षण चालू आहे. अर्जाच्या दुसऱ्या भागात उत्पन्न आणि बचत विचारली आहे. ही माहिती गावातल्याच लोकांच्या हाती पडणार, याचा संकोच वाटतो. आमचे स्वतःचे घर आहे. मग अर्ज न भरता टाकून दिला तर चालेल का?

उत्तर : या सर्वेक्षणाचे सहसा दोन भाग असतात. पहिला सर्वांसाठी आणि दुसरा ज्यांना घराची गरज आहे त्यांच्यासाठीच. आपणास घर असल्यामुळे उत्पन्नाचा प्रश्न आपल्याला लागूच होत नाही. ज्यांना लागू होतो त्यांचे भरलेले अर्ज बहुधा परस्पर बाहेरच्या ग्रामीण गृहनिर्माण सल्लागाराकडे किंवा जिल्हा कौन्सिलकडे जातात आणि पॅरिशला केवळ बेरजा मिळतात; तसे येथे आहे की नाही, ते लिफाफ्यावरील पत्ता पाहून व सोबतचे गोपनीयतेचे निवेदन वाचून ठरवावे.

अर्ज मात्र टाकून देऊ नये, आणि त्याचे कारण आपल्या स्वतःच्या घरापलीकडचे आहे. पहिल्या भागात बहुतेक वेळा असा प्रश्न असतो, की गेल्या काही वर्षांत आपल्या घरातील कोणी परवडणारे घर न मिळाल्यामुळे गाव सोडून गेले का, आणि त्या व्यक्तीला परत यायचे आहे का. हा या कागदावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे माझे मत आहे. गावाची प्रश्नावली गावात राहणाऱ्याच्या दारात पडते. ज्याला घर मिळाले नाही त्याला तेथे दारच नसते. तो वीस मैलांवरच्या शहरात भाड्याने राहून रोज गावातल्या शेतावर किंवा शाळेत कामाला येतो. त्याची गरज मोजली जाण्याचा एकच मार्ग म्हणजे मागे राहिलेल्या आई-वडिलांनी, भावाने किंवा शेजाऱ्याने ती नोंदवणे. आपण नोंदवली नाही तर बेरजेत शून्य येते आणि गावात नव्या घरांची गरज नाही असे छापील अहवाल म्हणू लागतो.

त्या बेरजेवर पुढे बरेच काही ठरते. एरवी जेथे घरे बांधायला परवानगी मिळाली नसती अशा गावालगतच्या लहान जमिनीवर, स्थानिक नाते असलेल्यांसाठी कायम परवडणारी राहतील अशी थोडी घरे बांधण्याची तरतूद इंग्लंडच्या नियोजन धोरणात आहे. तिला ‘रूरल एक्सेप्शन साइट’ म्हणतात, आणि तिचा पुरावा म्हणून हेच सर्वेक्षण पुढे केले जाते. जन्म, नोकरी किंवा जवळचे नातलग हे ‘स्थानिक नाते’ मानले जाते. समुद्रकाठच्या गावांत हा प्रश्न आणखी तीव्र आहे, कारण सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या लहान शहराने, नव्याने बांधली जाणारी घरे मुख्य निवास म्हणूनच वापरावीत अशी अट आपल्या नेबरहुड प्लॅनमध्ये घातली, तेव्हा २०१६ च्या सार्वमतात ऐंशी टक्क्यांहून अधिक मते त्या प्लॅनच्या बाजूने पडली. नॉरफोकचा किनाराही या दुखण्यापासून मुक्त नाही, हे आपण माझ्याहून चांगले जाणता.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमाखाली दरवर्षी विकास आराखडा होतो, पण ग्रामसभेला तीच ती माणसे येतात आणि तेच ते सुचवतात : सिमेंटचा रस्ता, सभामंडप, कमान. गेल्या अंकात आपण उल्लेखिलेल्या इंग्लंडच्या पद्धतीतून आम्हाला काही घेण्यासारखे आहे का?

उत्तर : आहे, पण थोडे. आधी हे लक्षात घ्यावे, की आपल्या हाती त्यांच्यापेक्षा जास्त बळ आहे. त्यांची वार्षिक सभा ठराव करू शकते, परंतु तो कौन्सिलवर बंधनकारक नसतो. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभाही. पॅरिशची प्रश्नावली उभी आहे ती सभेला कोणी येत नाही या गृहीतावर. आपण ते गृहीत तसेच्या तसे उचलू नये.

घ्यायचेच तर त्यांच्या कागदाचा एकांत घ्यावा. सभेत सरपंचांसमोर, भावकीसमोर, सावकारासमोर हात वर करून बोलावे लागते. ज्या वस्तीला सार्वजनिक विहिरीवर अडचण होते तिथली बाई ते सभेत बोलणार नाही, पण अंगणवाडीताईंनी किंवा बचत गटातील मैत्रिणीने घरी बसून विचारले तर सांगेल. अर्ज लिहिता न येणाऱ्यासाठी तो भरून घेणारा माणूस कोणत्या घरातला आहे, यावर उत्तर किती खरे येणार ते ठरते. म्हणून ते काम सदस्यांनी स्वतः करू नये, आपणही.

दुसरी गोष्ट पैशाची. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीपैकी साठ टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेला चाळीस टक्के अबंधित. लोकांना ‘काय हवे?’ असे मोघम विचारले की कमान येते. ‘पाण्यासाठी एवढे रुपये आहेत, ते कोणत्या वस्तीच्या नळासाठी आधी खर्चावेत?’ असे आकड्यासह विचारले तर बोलणे निराळ्या वळणाने जाते. श्रॉपशरच्या बाईंना वर जे लिहिले तेच येथेही लागू आहे.

तिसरी गोष्ट मात्र बीडसाठी खास आहे आणि तिच्यासाठीच आपले पत्र मी राखून ठेवले होते. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे टोळ्यांनी बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. गाव आराखड्याची ‘सबकी योजना, सबका विकास’ ही मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात राबवली जाऊ लागली. २६ जानेवारीची ग्रामसभाही त्यांच्या पाठीमागेच होते. म्हणजे ज्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह, रेशन आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची सोय हे खरे प्रश्न आहेत, ते अख्खे कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) आराखडा लिहिला जातो तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतात. गावात उरलेल्यांनी सभामंडप मागितला यात नवल नाही. नॉरफोकच्या वाचकाला लिहिलेल्या उत्तरात घर न मिळालेला मुलगा जेथे उभा आहे, तेथेच आपला तोडणी मजूर उभा आहे.

सरकारी वेळापत्रक आपण बदलू शकणार नाही, पण विचारणे अगोदर उरकता येते. पोळा झाला की मुकादमांकडून मिळणाऱ्या उचलीची, म्हणजे आगाऊ रकमेची, बोलणी आणि बिऱ्हाडाची बांधाबांध यांच्यामध्ये थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत वस्तीवर जाऊन, नवरा-बायकोला वेगवेगळे विचारून, त्यांच्या मागण्या लेखी घ्याव्यात, १५ ऑगस्टच्या सभेतच तसा ठराव आधी करून ठेवावा, आणि ऑक्टोबरनंतरच्या प्रत्येक बैठकीत ते कागद टेबलावर ठेवावेत. शिवार फेरीच्या वेळी कुलूप लावलेली घरे मोजून त्यांचा आकडाही आराखड्याला जोडावा. मजुराला मतदान नसलेल्या महिन्यांत कोणी विचारत नाही, असा टोमणा आपल्याला ऐकावा लागेल, तो ऐकून घ्यावा. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात ‘कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत गावाबाहेर असता?’ एवढा एक रकाना छापून घ्यावा. त्याने छपाईचा खर्च वाढत नाही.